हुद्दा आणि हक्क : कारखान्यातल्या मधल्या माणसाचा इतिहास



आम्ही कामगारांत काम करणारी माणसे. व्याख्यानमालेत आम्हांस बोलावले म्हणजे संप, बोनस, नाहीतर कंत्राटी कामगार यांपैकीच काहीतरी निघणार, असे श्रोते धरून चालतात. यंदा आम्ही कार्यवाहांकडे विषय बदलून मागितला. आम्हांला बोलायचे आहे ते मॅनेजरविषयी. हे ऐकून एक वडीलधारे गृहस्थ हसून म्हणाले, "म्हणजे वाघाने शेळीच्या प्रकृतीची चौकशी करावी, तसेच झाले की हे." या जोडीत वाघ कोण आणि शेळी कोण, ते त्यांनी सांगितले नाही; आम्हीही विचारले नाही.

विषय बदलण्याचे कारण मात्र साधे आहे. धरमतरच्या खाडीच्या दोन्ही अंगांना, वडखळपासून नागोठण्यापर्यंत आणि पुढे रोह्याच्या धाटाव वसाहतीपर्यंत, आज असे गाव विरळा, की जिथला एखादा मुलगा कुठल्यातरी कारखान्यात 'असिस्टंट मॅनेजर' नाही. लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले ते १९८९ साली. त्याच्या आगेमागे पदविकेची आणि पदवीची विद्यालये निघाली. बापाने मिठागरात मीठ ओढले, आणि मुलाच्या छातीवर कंपनीचे ओळखपत्र आले. त्या ओळखपत्रावरचा हुद्दा बाप चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवतो. वाचावाच, त्याने तो कमावलेला आहे. पण त्या हुद्द्याच्या मागे काय आहे, तो कोठून आला, त्याच्याबरोबर काय मिळते आणि काय जाते, हे त्या बापाला कोणी सांगितलेले नसते. ते आज सांगावे, एवढाच आमचा उद्देश.

मधला माणूस ही कोकणाला काही नवी गोष्ट नाही. आमच्या आजोबा-पणजोबांनी जो मधला माणूस पाहिला तो खोत. खोत मुळात सारा वसूल करून सरकारात भरणारा. वर सरकार, खाली रयत आणि मध्ये हा. पण मध्ये बसता बसता तो जागेचा धनी झाला, आणि त्याचे मधलेपण वंशपरंपरा चालू लागले. धरमतरचा पूल ओलांडून पोयनाडकडे गेले म्हणजे चरी लागते. त्या चरीच्या आणि आजूबाजूच्या गावांच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे खोतांची जमीन कसली नाही. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती स्वराज्य आल्यावर. हा इतिहास येथे सर्वांना पाठ आहे. तो काढला एवढ्याचसाठी, की वरच्याच्या नावाने खालच्यावर हुकूम चालवणारा जो कोणी दिसेल त्यात खोत पाहण्याची सवय आपल्या मुलखाच्या अंगी मुरलेली आहे. कारखान्यातल्या साहेबाकडेही आपण याच नजरेने पाहत आलो. वास्तविक दोघांत एक मोठा फरक आहे. खोताला कोणी काढू शकत नव्हते. या साहेबाला एका महिन्याच्या नोटिशीवर काढता येते.

हे कसे घडले ते समजण्यासाठी आपल्याला आपल्या चाकरमान्यांच्या वाटेने मुंबईस जावे लागेल. रस्ते आणि पूल नव्हते, तेव्हा धरमतर हे उतारूंचे मोठे ठिकाण होते. मुंबईच्या आगबोटी येथे लागत, आणि अलिबागकडे व पेणकडे जाणारी माणसे येथून पुढे चालू लागत. त्याच आगबोटीने उलट दिशेला गिरण्यांकडे जाणाऱ्यांची रीघ असे. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची पहिली कंपनी उभी केली. तिच्याबरोबर एक चाल पडली, ती मॅनेजिंग एजन्सीची. भांडवल भागीदारांचे, आणि गिरणी चालवणार एजंट. त्याचा मोबदला पुष्कळदा नफ्यावर नसे, तर विक्रीवर किंवा मालाच्या वजनावर ठरे. गिरणी बुडाली तरी एजंट तरलेला. तेव्हा 'मॅनेज' करणारा पहिला माणूस आपल्याकडे आला तो नोकर म्हणून आलाच नाही. तो जवळजवळ मालकच होता. ही पद्धत ३ एप्रिल १९७० रोजी कायद्याने बंद झाली, म्हणजे सव्वाशे वर्षांना अवघी नऊ वर्षे कमी एवढी ती जगली.

एजंटाच्या हाताखाली गिरणीत प्रत्यक्ष उभा राहणारा तो मास्तर. स्पिनिंग मास्तर, वीव्हिंग मास्तर, कार्डिंग मास्तर. सुरुवातीचे पुष्कळसे लँकेशायरहून आणलेले. यंत्रे तिकडची, म्हणून माणसेही तिकडची. १८८७ साली व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, आणि इथल्या मुलांना कापडाचे शास्त्र शिकण्याची सोय झाली. तिथून शिकून निघालेल्यांत पारशी मंडळी बरीच. मराठी माणूस या जागांवर उशिरा आणि तुरळक पोचला. कोकणातून गेलेला गडी मास्तरापर्यंत पोचतच नसे. त्याला कामावर घेणारा, काढणारा, उसने पैसे देणारा आणि शिव्या घालणारा जॉबर असे. मास्तर हुकूम जॉबरला देई, आणि जॉबर तो आपल्या भाषेत कामगाराला ऐकवी.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण आमच्या चळवळीतलेच लोक ती विसरतात. नारायण मेघाजी लोखंडे यांना आपण या देशातल्या कामगार चळवळीचे आद्य पुरुष मानतो. मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना त्यांनी उभी केली, आणि १८९० साली रविवारची सुटी गिरणीमालकांकडून मिळवली. हे लोखंडे स्वतः काही काळ एका गिरणीत स्टोअरकीपर होते. साच्यावर उभे राहणारे हात त्यांचे नव्हते. त्यांच्या हातात कोठाराच्या किल्ल्या आणि वह्या होत्या. आजच्या भाषेत बोलायचे तर आमचा पहिला पुढारी स्टाफमधला होता. रविवारची सुटी मास्तरालाही मिळाली, हे वेगळे सांगायला नको.

आता कायद्याकडे वळू. हा भाग थोडा कोरडा आहे, पण आजच्या मॅनेजरचे नशीब याच कोरड्या भागात लिहिलेले आहे, म्हणून श्रोत्यांनी जरा धीर धरावा.

१९४७ साली औद्योगिक विवादांचा कायदा झाला. कामगाराला काढले तर तो दाद कोठे मागणार, मालकाने कारखाना विकला तर त्याला काय मिळणार, हे त्याने ठरवले. पण हे सारे 'कामगार' या व्याख्येत जो बसेल त्यालाच. १९५६ साली ती व्याख्या सुधारली. तांत्रिक काम करणारे आणि देखरेख करणारे आत आले. मात्र व्यवस्थापकीय काम करणारा बाहेर राहिला, आणि देखरेख करणाऱ्याचा पगार महिना ५०० रुपयांच्या वर गेला की तोही बाहेर. ५०० ची मर्यादा १९८४ पासून १,६०० झाली, २०१० साली १०,००० झाली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून जी नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली तिच्यात ती १८,००० आहे.

यातली मेख ध्यानात घ्या. हाताने काम करणारा, कारकुनी करणारा किंवा तांत्रिक काम करणारा यांना पगाराची मर्यादाच नाही. लाख रुपये पगाराचा तंत्रज्ञसुद्धा कायद्याच्या नजरेत कामगार राहू शकतो. पण त्याच्या कामाला एकदा 'देखरेख' म्हटले, की १८,००० च्या वरचा प्रत्येक जण बाहेर. आणि 'व्यवस्थापन' म्हटले, की पगार कितीही असो, बाहेरच. याचा अर्थ असा, की माणसाला कायद्याच्या कुंपणाबाहेर काढायचे असेल तर त्याचा पगार वाढवण्याची गरज नाही. त्याचा हुद्दा वाढवला म्हणजे पुरे.

न्यायालयांनी ही चलाखी ओळखली नाही असे नाही. बर्मा-शेल ही तेलाची बडी कंपनी. तिच्या मॅनेजमेंट स्टाफची स्वतःची संघटना होती, आणि आमच्यापैकी कोण कामगार व कोण नाही असा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७० साली न्यायालयाने एकेका हुद्द्याचे काम स्वतंत्रपणे तपासले: हा दिवसभर करतो काय, यातले मुख्य काम कोणते, जोडकाम कोणते. पुढे १९८५ साली सीबा-गायगी कंपनीच्या एका नोकराच्या दाव्यात त्याच न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की मुख्य आणि मूळ काम कोणते ते पाहावे, चिकटवलेल्या नावावर जाऊ नये. सिद्धांत चांगला आहे. परंतु तो सिद्ध करायला आधी नोकरी जावी लागते, मग वर्षे जावी लागतात, आणि तोवर घरखर्च कोण चालवणार, हे निकालपत्रात नसते.

एक उदाहरण आमच्या कामातले आहे. कारखान्याचे नाव सांगत नाही. एक तरुण इंजिनिअर रात्री साडेनऊच्या सुमारास युनियनच्या खोलीवर आला. दारातच उभा राहिला. आत यावे की नाही हे त्याचे ठरत नव्हते, कारण दिवसा ज्यांच्यावर तो साहेब होता तेच आत चहा पीत बसले होते. हातात कामावरून कमी केल्याचे पत्र. हुद्दा डेप्युटी मॅनेजर. आम्ही त्याला बसवले आणि आमच्या रीतीप्रमाणे चारच प्रश्न विचारले. "तुमच्या हाताखाली किती?" "दोन. पण ते ठेकेदाराचे." "त्यांची रजा कोण मंजूर करतो?" "ठेकेदार." "तुम्ही कोणाला कामावर घेतले, कोणाला मेमो दिला?" "नाही." "मग पाळीभर करता काय?" तर दर तासाला मीटरचे आकडे लॉगशीटवर उतरायचे, व्हॉल्व्ह तपासायचे, नमुना प्रयोगशाळेत धाडायचा, आणि काही बिघडले तर वरच्यांना फोन करायचा. आमच्यातला एक म्हातारा ऑपरेटर ऐकत होता. तो म्हणाला, "साहेब, हेच तर मी तीस वर्षे केले. मला ओव्हरटाइम मिळायचा."

त्या मुलाची बाजू कायद्याने भक्कम होती, असे आमचे मत आजही आहे. पण तो लढला नाही. तीन महिन्यांचा पगार घेऊन त्याने राजीनाम्यावर सही केली आणि गुजरातेत दहेजला दुसरी नोकरी धरली. "केस केली असे कळले तर पुढे कोणी घेणार नाही, काका," एवढेच तो म्हणाला. त्याला दोष देणे आम्हांस जमत नाही. कामगाराने दावा लावला तर त्याच्या मागे संघ असतो. याच्या मागे त्याचे बायोडेटाचे पान, आणि त्यात राहिलेली एक मोकळी ओळ.

आणि जो खरोखर व्यवस्थापक आहे, त्याचे काय? त्याला कामगार न्यायालयाचे दार बंद. दिवाणी दावा करता येतो. पण खाजगी नोकरीचा करार सक्तीने चालू ठेवायला न्यायालय सहसा लावत नाही. फार तर भरपाई मिळते, आणि ती पुष्कळदा नोटिशीच्या पगाराएवढी. वीस वर्षे भट्टी सांभाळलेल्या माणसाच्या नोकरीची किंमत अशी एक किंवा तीन महिने ठरते.

हक्कांचे असे झाले. आता जबाबदारी पाहा. तिथे मात्र कायद्याने मॅनेजरला पहिल्या पाटावर बसवले. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे प्रत्येक कारखान्याने मॅनेजरचे नाव सरकारला कळवावे लागे. कोणी नेमलाच नसेल, तर जो मॅनेजर म्हणून वागताना आढळेल तोच मॅनेजर समजावा, अशी कायद्याची भाषा होती. कायदा मोडला तर भोगवटादार आणि मॅनेजर दोघेही गुन्हेगार. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, ही शिक्षा दोन वर्षे कैद आणि एक लाख रुपये दंड इथवर गेली. त्याच कायद्यात आणखी एक कलम होते: आपण पुरेशी दक्षता घेतली, आणि खरा गुन्हेगार अमुक आहे, असे दाखवून भोगवटादाराला किंवा मॅनेजरला सुटका करून घेता येई. तो 'अमुक' बहुधा कोण असणार? त्या रात्री पाळीवर असलेला तरुण इंजिनिअर.

उलट कामाच्या तासांची जी कलमे होती, म्हणजे आठवड्याचे ४८ तास, जादा कामाला दुप्पट मजुरी, ती देखरेखीच्या व व्यवस्थापनाच्या जागांना लागू होऊ नयेत, अशी सवलत राज्याला देता येई आणि ती दिलेली असे. म्हणून आठ तासांची पाळी संपवून कामगार बसमध्ये बसतो, आणि त्याचा इन्चार्ज पुढचा माणूस आला नाही म्हणून सोळा तास उभा राहतो. हल्ली भ्रमणध्वनी आल्यापासून तर घरी जाणे हेही अर्धवटच झाले आहे.

भोपाळचे नाव घेतले, तेव्हा त्या खटल्याचा शेवट सांगितला पाहिजे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. निकाल लागला ७ जून २०१० रोजी. दोषी ठरलेल्यांत भारतीय कंपनीचे अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक होते, तसेच वर्क्स मॅनेजर, प्रॉडक्शन मॅनेजर, प्लँट सुपरिटेंडेंट आणि अगदी प्रॉडक्शन असिस्टंटसुद्धा होता. शिक्षा दोन वर्षांची, आणि त्याच दिवशी जामीन. हजारो मृत्यूंपुढे ही शिक्षा हास्यास्पद होती, याविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नाही. पण अमेरिकेतल्या मूळ कंपनीचा प्रमुख वॉरन अँडरसन एकदाही त्या न्यायालयापुढे उभा राहिला नाही. तो २०१४ साली वारला. सुरक्षिततेवरचा खर्च जिथे ठरतो ती खुर्ची एका देशात, आणि ज्याच्या नावाची सही असते तो माणूस दुसऱ्या देशात, अशी ही रचना आहे.

आपल्याला भोपाळला जाण्याचीही गरज नाही. याच अंबा नदीच्या काठी नागोठण्याला सरकारी आयपीसीएल कंपनीचे वायूपासून रसायने करणारे संकुल उभे राहिले, आणि ५ नोव्हेंबर १९९० रोजी तिथे स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे गेली. रोहे-पेणची त्या वयाची माणसे तो दिवस विसरलेली नाहीत. वायूला हुद्दा कळत नाही. धोक्याच्या जागी इंजिनिअर आणि मजूर एकाच हवेत श्वास घेतात.

सरकारी कंपनीवरून आठवले: मधल्या माणसाचे नशीब कारखाना कोणाचा यावर फार अवलंबून असते. सरकारी उपक्रम घटनेच्या दृष्टीने 'राज्य' ठरतो, त्यामुळे त्याच्या अधिकाऱ्याला अन्याय झाल्यास थेट उच्च न्यायालयात जाता येते. खाजगी कंपनीच्या अधिकाऱ्याला ते दार सहसा उघडे नसते. आयपीसीएलचा ताबा २००२ साली रिलायन्सकडे गेला आणि २००७ साली ती कंपनी तिच्यात विलीन झाली. रोजचे काम, यंत्रे, पाळ्या सारे तेच. पण अधिकाऱ्याच्या अंगावरचे हे एक कवच, कोणी हात न लावता, मालकीच्या कागदाबरोबर उतरले.

विजेच्या धंद्यात हाच फरक जास्त स्पष्ट दिसतो. कोलाडच्या वर, कुंडलिकेच्या खोऱ्यात, भिऱ्याचे वीजघर आहे. टाटांनी ते १९२७ साली सुरू केले. वर मुळशीचे धरण, ज्याच्यासाठी मावळ बुडाला आणि सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. खाली भिरा, जिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला गेली. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२ आणि भिरा १९२७, अशी ही घाटपायथ्याची तीन वीजघरे. पाणी घाटावरून सुटले की यंत्र फिरते, मध्यरात्र असो की दिवाळी. म्हणून वीजघराचा अधिकारी कारखान्याच्या आवारातच राहतो, त्याची मुले तिथल्याच वसाहतीत वाढतात, आणि निवृत्त झाला की नोकरीबरोबर घर आणि शेजारही सोडतो. भिऱ्याचा व्याप आज ३०० मेगावॅटचा आहे, आणि यंत्रातून सुटलेले पाणी रोह्याच्या कारखान्यांना व घरांना पुरते. त्या पाण्याच्या वेळेवर कोलाडला पर्यटकांच्या होड्या चालतात, हे आमच्या लहानपणी कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

दुसरीकडे सरकारी वीज. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले, आणि ६ जून २००५ रोजी त्याच्या कंपन्या झाल्या. आपल्या दारी येते ती महावितरण. तिचा शाखा अभियंता हा या व्याख्यानातला सर्वांत ओळखीचा माणूस असेल, कारण वीज गेली की आपण सर्व त्याला फोन करतो, आणि तो उचलत नाही म्हणून रागावतो. त्याच्यावर वसुलीचे लक्ष्य, त्याच्यावर गळतीचा हिशेब, आणि खांबावर वायरमनला काही झाले तर पहिली चौकशी त्याची. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आले, हजारो खांब आडवे झाले. त्यात करोनाची टाळेबंदी. बाहेरच्या जिल्ह्यांतून पथके आली, आणि पुढचे कित्येक आठवडे अभियंते आणि वायरमन एकाच चिखलात उभे होते. तरीही या अभियंत्याला एक गोष्ट आहे जी पलीकडच्या खाजगी कारखान्यातल्या त्याच्या वर्गमित्राला नाही: त्याची संघटना. ४ जानेवारी २०२३ रोजी वीज कंपन्यांच्या खाजगीकरणाच्या भीतीने संप झाला तेव्हा कामगार, अभियंते आणि अधिकारी यांच्या संघटना एकत्र उतरल्या. पुकारा तीन दिवसांचा होता. सरकारने बोलणी केली आणि त्याच दिवशी तो मिटला.

त्याहून नवलाची गोष्ट २००९ सालची. ७ जानेवारीला सरकारी तेल कंपन्यांचे अधिकारी पगारवाढीसाठी संपावर गेले. कामगार नव्हे, अधिकारी. मुंबईत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, पुष्कळ पंप कोरडे पडले, आणि तिसऱ्या दिवशी संप मागे घेतला गेला. त्यांच्या मागण्या कितपत रास्त होत्या, यावर वाद होऊ शकेल; त्यांचे पगार कंत्राटी मजुराच्या कित्येक पट होते. पण देशाला त्या दिवशी दिसले, की हा मधला माणूस हलला नाही तर तेलही हलत नाही.

आता नोकऱ्यांचे भवितव्य. धरमतरच्या खाडीवर डोलवीला १९९४ साली इस्पातचा स्पंज आयर्नचा कारखाना सुरू झाला, १९९८ साली पोलादाचे पत्रे निघू लागले. २०१० च्या अखेरीस मालकी जिंदालांच्या जेएसडब्ल्यूकडे गेली. वर्षाला ३३ लाख टनांची क्षमता २०१६ साली ५० लाख टन झाली आणि पुढच्या विस्ताराने एक कोटी टनांवर गेली. खनिज आणि कोळसा बार्जमधून खाडीने येतो. ज्या पाण्यातून आजोबा गिरणीत गेले त्याच पाण्यातून आता लोखंडाची माती येते. पण क्षमता तिप्पट झाली म्हणजे माणसे तिप्पट लागतात, असा हिशेब आजच्या यंत्रयुगात कोणी करू नये. पूर्वी भट्टीभोवती फिरून जे आठ जण पाहत, ते आता कंट्रोल रूममध्ये पडद्यांसमोर बसलेले दोघे पाहतात. हाताने करायचे काम ठेकेदाराकडे गेले, आणि कंपनीच्या पटावर जे उरले त्यांतल्या पुष्कळांना 'मॅनेजर' हे नाव मिळाले. हुद्द्यांची शिडी लांबली आहे: ट्रेनी, असिस्टंट मॅनेजर, डेप्युटी मॅनेजर, मॅनेजर, सीनियर मॅनेजर, आणि वर जनरल मॅनेजरच्या तीन पायऱ्या. शिडी लांब झाली, माडी होती तिथेच आहे.

स्थानिकांच्या प्रश्नाविषयी एक खुलासा करावासा वाटतो, कारण सभांतून त्याविषयी फार घोटाळा असतो. राज्य शासनाच्या १७ नोव्हेंबर २००८ च्या निर्णयाप्रमाणे उद्योगांत एकंदर नोकऱ्यांत किमान ८० टक्के, आणि देखरेखीच्या जागांत किमान ५० टक्के स्थानिक माणसे असावीत. पण 'स्थानिक' म्हणजे राज्याचा रहिवासी. नागपूरचा मुलगा डोलवीत स्थानिक ठरतो, आणि पेणचा मुलगा चंद्रपुरात. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी या आकड्यावर विसंबून मुलाला 'वरची जागा राखलेली आहे' असे सांगू नये. शिवाय वरच्या पदाची माणसे कारखाना आपल्या ओळखीतून आणि दुसऱ्या कारखान्यांतून आणतो, जाहिरात पेणच्या बसस्थानकावर लागत नाही.

या संदर्भात गिरण्यांची आठवण ठेवावी. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. कामगारांवर पुस्तके झाली, नाटके झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण ज्या दिवशी फाटक बंद झाले त्या दिवशी स्पिनिंग मास्तरही बाहेर पडला. त्याचे ज्ञान एका धंद्याचे होते, आणि तो धंदा मुंबईत उरला नव्हता. त्याच्यासाठी ना मोर्चा निघाला, ना घराची मागणी. कारखाना बंद होताना कामगाराला जी कायदेशीर भरपाई मिळते, तीत व्यवस्थापकाचा वाटा नाही.

अगदीच काळोख आहे असेही आम्ही म्हणत नाही. ग्रॅच्युइटीच्या कायद्यातली पगाराची मर्यादा १९९४ साली निघाली, तेव्हापासून ती मॅनेजरलाही कायद्याने मिळते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतल्या बऱ्याच गोष्टींवर आमच्या चळवळीचा राग आहे, आणि तो का आहे ते दुसऱ्या व्याख्यानात सांगू. पण जे आहे ते आहे म्हणावे. वेतन संहितेत 'नोकर' या शब्दात व्यवस्थापकही धरला आहे. पगार वेळेवर मिळण्याचा हक्क पूर्वी ठराविक पगाराच्या खालच्यांनाच होता, तो आता त्यालाही आहे, आणि नोकरी सुटली किंवा सोडली तर दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशेब चुकता करावा असे कलम आहे. नेमणुकीचे पत्र देणेही सक्तीचे झाले. दहेजला गेलेल्या त्या मुलाच्या वेळी हे कलम नव्हते. त्याचा शेवटचा पगार दोन महिने अडकला होता.

आणि शेवटी एक गोष्ट, जी आम्ही पुष्कळ तरुण अधिकाऱ्यांना सांगतो आणि ते विश्वास ठेवत नाहीत. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात 'कामगार' म्हणजे उद्योगात नोकरी करणारा कोणीही. तिथे हुद्द्याची आणि पगाराची अट नव्हती. नव्या संहितेतही संघाच्या प्रकरणापुरता तोच विस्तृत अर्थ ठेवला आहे. म्हणजे मॅनेजरला कामगार न्यायालयात जाता येत नाही, पण सात जणांनी मिळून संघाच्या नोंदणीचा अर्ज करायला कायद्याची आडकाठी नाही. असा संघ मालकाने ओळखलाच पाहिजे अशी सक्ती नाही, आणि बढतीची वाट पाहणारा माणूस त्या अर्जावर सही करायला कचरतो, हेही आम्ही जाणतो. गेल्या पावसाळ्यात चौघे तरुण हा कायदा समजून घ्यायला आमच्याकडे आले होते. अर्जाला सात सह्या लागतात; त्यांच्याकडे अजून पाचच झाल्या आहेत.